चुना लावायला या!

नमस्कार मंडळी,

गणपतीला अजून अवकाश आहे, हे आम्हालाही कळतं. तरी वर्गणीचं पुस्तक काढलंय. यंदा मांडवाआधी छपरांना लावायच्या चुन्यासाठी मागतो आहोत.

पर्वतीच्या पायथ्याच्या आपल्या वस्तीत बहुतेक घरांवर पत्रा आहे. एप्रिल-मेच्या दुपारी पंखा नुसती गरम हवा ढवळतो. म्हातारी माणसं ओलं फडकं डोक्यावर घेऊन बोळात बसतात. २८ एप्रिल २०१९ ला शिवाजीनगरला पारा ४३ अंशांवर गेला होता, आणि तोही सावलीतला! पत्र्याखालची खोली कुठल्या वेधशाळेत मोजली जात नाही.

ऊन घरात शिरण्याआधीच परतवायचं, एवढाच उपाय. जगात याचे फार मोठे बेत चाललेत. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीच्या गंधकाचे कण आकाशात पसरले, त्यांनी ऊन परतवलं आणि पृथ्वी काही काळ सुमारे अर्धा अंश थंडावली. त्याचा दाखला देऊन आकाशात मुद्दाम तसे कण सोडावेत का, यावर शास्त्रज्ञांचं भांडण चालू आहे. ऑस्ट्रेलियात प्रवाळ वाचवायला समुद्राचं पाणी फवारून ढग उजळ करून पाहताहेत. आभाळाशी खेळताना पाऊस कुणाचा हुकेल, ही धास्ती आम्हाला तरी वाटते. छपराचा चुना फसला तर पहिल्या पावसात धुऊन जाईल, बस्स. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये अशा थंड छपरांचं धोरणच आणलं. आपण वर्गणी काढू.

गंजक्या पत्र्यावर ऊन मुरतं, पांढऱ्यावरून बरंचसं परततं. दरवर्षी हात मारावा लागेल, हे आधीच सांगतो.

तर हवंय काय? चुन्याच्या गोण्या, फेविकॉल, जुन्या बादल्या, लांब दांड्याचे ब्रश, शिड्या. पैसे द्यायचे तर एका छपराचे ५०० रुपये धरा, पावती मिळेल. चुना डोळ्यांत गेला तर भाजतो, म्हणून गॉगल आणि हातमोजेही लागतील. सिमेंटच्या पत्र्यावर कुणीही पाय देऊ नये, तो फुटतो. तो खरवडायचाही नाही, धूळ छातीला वाईट. तिथे शिडीवरूनच काम.

मार्चच्या दर रविवारी सकाळी ६ ला मंडळापाशी जमायचं. चहा-पोहे मंडळाकडून.

देणगी सकाळी किंवा संध्याकाळी आणावी. दुपारी १ ते ४ कार्यालय बंद असतं. त्यालाही पत्राच आहे.

आपलेच,
मंडळाचे कार्यकर्ते