आबा, इथे शिरापूर भेटलं

रॉटरडॅम,
14 नोव्हेंबर

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला माझं अर्धंच ऐकू येतं, आणि आज जे सांगायचंय ते अर्धवट सांगून भागणार नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. अक्षर मोठं काढलंय. तरी अडलं तर सोनूकडून वाचून घ्या.

निघताना तुम्ही विचारलं होतं, "तिकडं नेमकं काय शिकणार गं?" मी "अर्थशास्त्र" म्हणून वेळ मारून नेली. विषयाचं नाव इकॉनोमेट्रिक्स, आपल्याकडे अर्थमिती म्हणतात, म्हणजे पैशाधान्याचे व्यवहार आकड्यांवरून तपासायचं शास्त्र. याच शहरात यान टिनबर्गन शिकवायचे. त्यांनी 1936 साली सबंध नेदरलँड्सचा आर्थिक व्यवहार समीकरणांत मांडला, आणि 1969 मध्ये अर्थशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांना आणि नॉर्वेच्या राग्नार फ्रिश यांना मिळून दिलं गेलं. पण पत्र लिहायला बसले ती मंगळवारच्या तासामुळे. वर्गातल्या पडद्यावर शिरापूरचं नाव आलं.

आपलंच शिरापूर, आबा. मोहोळ तालुका, जिल्हा सोलापूर. क्षणभर वाटलं, नावात नाव असेल. मग खाली सोलापूर वाचलं आणि अंगावर काटा आला. वर्गात चाळीसेक मुलं, त्यांत त्या गावच्या एसटी थांब्यावर उभी राहिलेली मी एकटी.

कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने 1975 पासून आपल्याकडच्या कोरडवाहू गावांत पाहणी सुरू केली. एकेका गावात चाळीस घरं निवडली: दहा भूमिहीन, बाकी लहान, मध्यम आणि मोठे शेतकरी. माहिती घेणारी माणसं गावातच राहायची, दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी जायची. काय पिकलं, काय विकलं, काय खाल्लं, कोण आजारी होतं, सगळं लिहून घ्यायची. रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने शिरापूर, अकोला जिल्ह्यातलं एक आणि तेव्हाच्या आंध्रातलं एक अशा तीन गावांचे आकडे घेऊन 1994 मध्ये निबंध लिहिला. तो आज जगभर शिकवतात.

त्यातलं चित्र मी वहीत उतरवून घेतलंय. एका आलेखात प्रत्येक घराचं उत्पन्न गावाच्या सरासरीपेक्षा कोणत्या वर्षी किती वरखाली झालं ते दाखवलंय. नुसते सुळके आणि खड्डे, नांगरट केलेल्या वावरासारखे. शेजारी त्याच घरांच्या खाण्यापिण्याच्या खर्चाचा आलेख. तो खूपच सपाट, जणू वरून कुळव फिरवलाय. म्हणजे एखाद्या घरचं पीक बुडालं तरी त्या घरची चूल त्या मानाने फार खाली जात नव्हती. गावाचं जे होईल तेच बहुतेकांचं होत होतं. वर्गात मुलं विचारत होती, विमा नाही, बँक नाही, हे जमतं कसं? मला उसनी ज्वारी मोजणारी आजीची पायली दिसत होती.

असाच आणखी एक निबंध आहे, रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांचा, 1989 चा, याच गावांच्या आकड्यांवरचा. लेकी लांबच्या गावी दिल्या की तिथला पाऊस वेगळा, म्हणून इकडे दुष्काळ पडला तरी घर सावरतं, असं त्यात दाखवलंय. वाळव्याला आत्याला दिलं तेव्हा आजी रडली होती आणि तुम्ही म्हणाला होता, "पाण्याचा मुलूख आहे, सुखात राहील." पुढे दुष्काळात आत्याच्या घरून उसाचं वाढं आलं, त्यावर आपली जनावरं जगली. ते सारं त्या निबंधात समीकरण होऊन बसलंय. मला ते वाचून बरंही वाटलं आणि आत्याची आठवण येऊन वाईटही. तिला काय वाटलं हे कुठल्याच रकान्यात नाही.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. ज्याच्याकडे विहीर, त्याची पोरं शिकली, हे आपण बघतो. पण ती विहिरीमुळे शिकली, की बाप मुळातच धडपड्या होता म्हणून विहीरही झाली आणि शाळाही? नुसत्या आकड्यांवरून हे कळत नाही. त्यासाठी माणसाच्या हातात नसलेलं काहीतरी शोधावं लागतं. फिलिप राइट नावाच्या गृहस्थांनी 1928 मध्ये ही युक्ती चक्क जवसावर आणि लोण्यावर करून दाखवली. मागणी वाढल्याने भाव बदलला की माल कमी आल्याने, हे वेगळं काढायला एकरी उतारा बघायचा. हवामानामुळे तो घटतो-वाढतो, गिऱ्हाइकाच्या मर्जीने नाही. पाऊस कुणाचं तोंड बघून पडत नाही, हे तुम्ही नेहमी म्हणता. इथे त्याच एका वाक्यावर महिनाभर तास चालले.

दुसरा विषय संशोधनपद्धतीचा, आणि माझा जीव त्यातच जास्त रमतो. प्रश्न कसा विचारावा, हेच तिथे शिकवतात. 1999-2000 च्या आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खाण्याचा खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा शेजारीशेजारी विचारला गेला. मागच्या पाहण्यांशी आकडे जुळेनात, आणि गरिबी खरोखर किती घटली यावर अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं वाद घालत राहिले. आजीला कुणी विचारलं, गेल्या सात दिवसांत तेल किती लागलं, तर ती काय सांगणार? ती तर पंधरा किलोचा डबा किती दिवस पुरला यावर हिशेब धरते.

सरावासाठी आम्हाला प्रश्नावली करायची होती. मी लिहिलं, "गेल्या वर्षी कुणाकडून कर्ज घेतलं का?" रात्री पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं, आपल्या गावात याला सगळे "नाही" म्हणतील. कर्ज सोसायटीचं, नाहीतर सावकाराचं. शेजारून आणलेली ज्वारी म्हणजे उसनं. ज्या देवघेवीवर गाव तगलं, ती माझ्या एका शब्दामुळे कागदावर आलीच नसती. प्रश्न खोडून उसनवारीचा वेगळा रकाना केला.

आता तुमच्याकडे मागणं आहे. प्रबंध मला यावरच करायचा आहे. बहात्तरच्या दुष्काळात थोरल्या आबांनी खिलार जोडी सांगोल्याच्या बाजारात विकली, ती केवढ्याला? मिलो, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी, येण्याआधी आपली ज्वारी कुणाच्या घरून आणली, आणि फेडली कशी, दाणे की मजुरी? आणखी एक विचारते, रागावू नका. टाउनसेंड यांना तीनपैकी एका गावात भूमिहीन घरांना इतरांइतका आधार मिळत नव्हता असं आढळलं. दुष्काळी कामावर खडी फोडायला तुमच्या शेजारी जी माणसं बसायची, त्यांच्यातल्या कुणाला आपल्या घरून उसनं मिळत होतं का? की ते मागायलाच येत नव्हते?

जसं आठवेल तसं सांगा. सोनूला म्हणावं, तुमच्याच शब्दांत लिहून घे, सुधारू नको.

आजीला नमस्कार. तिने दिलेली जवसाची चटणी अजून चार दिवस पुरेल.

तुमची नात,
राणी