उल्हासनगरच्या धोकादायक इमारतींतील रहिवाशांचे नगरविकासमंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकासमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : अतिधोकादायक ठरवून रिकाम्या केलेल्या इमारतींतील रहिवाशांचे पुनर्वसन व मालकी हक्क

महोदय,

स. न. वि. वि.

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघराचा स्लॅब खाली आला. सुदैवाने कोणी दगावले नाही. पण लगेच प्रवेशद्वारावर ‘अतिधोकादायक’ अशी नोटीस लागली, पाणी आणि वीज तोडण्यात आली आणि आम्ही सर्व कुटुंबे मिळेल तिथे भाड्याने राहायला गेलो. इमारत रिकामी करून घेताना आम्हाला तात्पुरत्या निवाऱ्याचे आश्वासन दिले गेले होते. आता त्याबद्दल विचारले की संबंधित कार्यालयातून एकच उत्तर मिळते, की मुळात इमारतच अनधिकृत असल्याने तुमचा कोणताही हक्क पोहोचत नाही.

हे उत्तर ज्या शहरात दिले जाते ते शहर कोणी वसवले, याचे स्मरण आपल्याला करून देणे भाग आहे. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना शासनानेच आणून ठेवले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. कॅम्प १ ते ५ ही नावे आम्ही आजही पत्त्यात लिहितो. पुढे कारखान्यांच्या आणि मुंबईच्या लोकलच्या आधाराने महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येत राहिली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५,०६,०९८ होती आणि शहराचे क्षेत्रफळ अवघे १३ चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये ३८ हजारांहून अधिक माणसे. निर्वासितांसाठी आखलेल्या बराकींच्या जागेवर एवढी माणसे राहणार असतील, तर ती मजल्यावर मजले चढवूनच राहणार हे समजायला नगररचनेची पदवी लागत नाही. लागतो तो वेळेवर केलेला आणि प्रामाणिकपणे राबवलेला आराखडा, आणि तोच आम्हाला कधी मिळाला नाही.

नव्वदच्या दशकात चांगली रेती मिळेनाशी झाली तेव्हा बिल्डरांनी निकृष्ट रेती आणि दगडाची भुकटी घालून स्लॅब ओतले, हे इथले प्रत्येक घर जाणते. ती कामे भर रस्त्यावर, दिवसाढवळ्या झाली. त्याच इमारतींना पाण्याच्या जोडण्या मिळाल्या, वीजमीटर बसले, मालमत्ता कर लागू झाला, मतदारयाद्यांत नावे चढली. कर घेताना अधिकृत आणि छप्पर कोसळल्यावर अनधिकृत, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

२००५ साली उच्च न्यायालयात ८५५ अनधिकृत इमारतींचा प्रश्न गाजला आणि त्यानंतर, २००६ मध्ये, खास या शहरासाठी बांधकामे नियमित करण्याचा कायदा झाला. एका शहरासाठी स्वतंत्र कायदा करण्याची वेळ येते, यातच शासनाने आपली जबाबदारी मान्य केली होती. प्रत्यक्षात त्या कायद्याचा लाभ मोजक्याच इमारतींपर्यंत पोहोचला. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत मोहिनी पॅलेस आणि साईशक्ती या दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली. साईशक्तीत तर पाचव्या मजल्याचा स्लॅब थेट तळापर्यंत आला. त्या वेळी मंत्री आले, पाहणी झाली, नियमितीकरणाच्या घोषणा झाल्या. त्यानंतरचा प्रत्येक पावसाळा आम्ही छताकडे पाहत काढला आहे.

माझ्या वडिलांनी शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमधील नोकरीचा सगळा फंड घालून ही सदनिका घेतली. आज माझी आई, जिचे गुडघे पूर्ण गेले आहेत, भाड्याच्या चौथ्या मजल्यावर अडकून पडली आहे आणि डॉक्टरकडे न्यायचे तरी तिला खुर्चीत बसवून उतरवावे लागते. माझ्या पगाराचा मोठा भाग घरभाड्यात जातो आणि ज्या घरात पाऊल ठेवण्यास मनाई आहे त्याचे दुरुस्तीसाठी काढलेले कर्ज मी अजून फेडतो आहे. पुनर्बांधणी करावी म्हटले तर जमिनीची सनद, म्हणजे शासनाने दिलेला मालकी हक्काचा दाखला, भलत्याच्या नावावर, बिल्डरने सोसायटीच्या नावे जागा कधी केलीच नाही, आणि सनदेसाठी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवण्यापलीकडे कोणी काही करत नाही. शेजारच्या काकांनी तर घराचा नाद सोडून गाव गाठले. ज्यांनी स्लॅब ओतला आणि ज्यांनी त्याकडे डोळेझाक केली, त्यांपैकी कोणाला घर सोडावे लागले आहे, हे आपण एकदा सभागृहात सांगावे.

इमारत रिकामी करण्याची नोटीस आणि पर्यायी निवारा किंवा घरभाडे यांचा आदेश एकाच दिवशी निघावा. मूळ सनदधारक किंवा बिल्डर सापडत नसेल, तेथे शासनाने स्वतः पुढे होऊन जमिनीचा हक्क रहिवाशांच्या सोसायटीला द्यावा. संरचनात्मक तपासणीचा खर्च आमच्यावर न टाकता शासनाने उचलावा आणि तिचे अहवाल वॉर्डनिहाय जाहीर करावेत. यासाठी नवी समिती नेमू नये. अधिकार आपल्याकडे आहेत आणि कायदाही २००६ पासून आहे.

आपण उत्तर लेखी द्यावे. तोंडी आश्वासनावर एकदा घर सोडले आहे.

आपला,
कॅम्प ४, उल्हासनगर येथील एक सदनिकाधारक