लिंक तुटते ती पत्ता चुकल्यामुळे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापूरच्या पूर्व भागातले यंत्रमाग कारखाने काय, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले काय, बिले-बिल्ट्या स्कॅन करून एक्सेलच्या यादीतल्या नोंदीला फाइल जोडणारे दिवाणजी आता बरेच आहेत. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात, तेव्हा सवय चांगलीच. पण संगणक बदलला की लिंक उघडत नाहीत आणि बोल एक्सेलला लागतो.

सेलमध्ये फाइल नसतेच, नुसता तिचा पत्ता असतो. पेन ड्राइव्हचे तर पत्त्यातले अक्षरही बदलते, आज ई तर उद्या एफ. म्हणून यादी आणि बिले एकाच मुख्य फोल्डरात ठेवावीत व हलवायचे तर तो अख्खा हलवावा.

कंट्रोल आणि के दाबून एकेक लिंक देणे दहा-वीस बिलांपुरते ठीक. शेकड्यांनी असतील तर हायपरलिंक फॉर्म्युलाच हवा. एच१ सेलमध्ये बिलांच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहावा, शेवटी उलटी तिरकी रेघ देऊन. ए स्तंभात बिल क्रमांक, फाइलचे नावही तेच. फॉर्म्युल्यात एच१, ए२ आणि अवतरणचिन्हांत टिंबासह इंग्रजी अक्षरांतले पीडीएफ, हे तिन्ही तुकडे अँडच्या (&) चिन्हाने जोडावेत. एच१ लिहिताच एफ४ कळ दाबून डॉलर लावावेत. नाहीतर फॉर्म्युला खाली ओढला की तो एच२, एच३ शोधत बसतो. पुढे जागा बदलली तर एच१ तेवढा दुरुस्त करायचा.

तरीही अडले तर खोट बहुधा नावात असते. ००७ टाइप केले की एक्सेल त्याचे ७ करतो, फाइल मात्र ००७च राहते. तो स्तंभ आधीच टेक्स्ट करावा. बिल क्रमांकातली तिरकी रेघ विंडोजला फाइलच्या नावात चालत नाही. दोन्हीकडे आडवी द्यावी. हॅश (#) विंडोजला चालतो, एक्सेलच्या लिंकला नाही. विंडोज एक्स्टेंशन, म्हणजे नावाच्या शेवटचे टिंब-पीडीएफ, लपवते, त्यामुळे नाव बदलताना पीडीएफ दोनदा लागते आणि कळतही नाही.

हीच यादी गूगल शीट्सवर चढवली तर लिंक निकामी. वेबपानावरून आपल्या डिस्कवरची फाइल ब्राउझर उघडू देत नाही. सीएंना पाठवताना मुख्य फोल्डर झिप करावा. त्यांनी तो आधी एक्स्ट्रॅक्ट करून एच१मध्ये आपल्या संगणकावरचा पत्ता टाकावा.

एक हिशेबनीस, सोलापूर