कांद्याचे फूल

ठाणे (पश्चिम)

प्रिय श्रीकांत यास,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र मिळाले. घोडबंदर रस्त्यावरच्या हॉटेलात आपण मागवलेला, ताटलीत कमळासारखा उमललेला तळलेला कांदा घरी जमेल काय, असे तू विचारले आहेस. जमतो, पाहुणे येणार असले की हल्ली मी हमखास तोच करतो. हा पदार्थ अमेरिकेत गाजला. फ्लोरिडातील टॅम्पा येथे १९८८ साली निघालेल्या आउटबॅक स्टेकहाउस या उपाहारगृहाने तो ‘ब्लूमिन अनियन’ या नावाने घरोघर माहीत करून दिला, आणि त्या उपाहारगृहाची सारी सजावट ऑस्ट्रेलियन थाटाची असल्यामुळे पुष्कळांना हा कांदाही तिकडचाच वाटतो.

या पदार्थात सगळा झगडा पाण्याशी आहे, एवढे आधी ध्यानात घे. खेकडा भजी करताना आपण चिरलेल्या कांद्याला मीठ चोळून ठेवतो आणि त्याला सुटलेल्या पाण्यातच बेसन कालवतो. तेथे कांद्याचे पाणी आपले काम करते. येथे तेच पाणी वैरी होते. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असते. ते तळण्यापूर्वी सुटले तर पीठ ओघळते आणि तळल्यानंतर सुटले तर आवरण मऊ पडते. म्हणून पिठात मीठ नावापुरतेच घालावे आणि उरलेले कांदा कढईतून बाहेर आल्यावर वरून भुरभुरावे.

कांद्याच्या नाशिकात राहणाऱ्या तुला कांद्याची निवड मी काय शिकवावी! तरीही सांगतो, की गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, अजिबात नको. पाव किलोच्या वर भरेल असा, घट्ट, एकाच मानेचा, गोल गरगरीत कांदा पाहिजे. अंगावर घडी असलेला किंवा चपटा कांदा बहुधा जोड निघतो, आणि आत दोन गाभे असले की पाकळ्या कशाही फाकतात. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा ओलसर असतो, त्यापेक्षा कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर मांडवात, वाळलेला उन्हाळ कांदा केव्हाही बरा. अलिबागचा पांढरा कांदा चवीला गोड असल्यामुळे या कामाला शोभला असता, पण माळेतले ते कांदे आकाराने फार लहान पडतात.

आता चिरणे. मानेकडचा भाग बोटभर सपाट कापावा, मुळाकडच्या मात्र नुसत्या मिशा काढाव्यात, कारण सोळाही पाकळ्या त्या बुडख्यालाच धरून राहणार असतात. साल काढून कांदा कापलेल्या बाजूवर पालथा ठेवावा, मुळापासून सुमारे एक सेंटिमीटर जागा सोडून सुरीचे टोक टेकवावे आणि थेट पाटापर्यंत खाली ओढावे. आधी चार बाजूंना चार चिरा, मग प्रत्येक दोन चिरांच्या मध्ये एक, आणि पुन्हा तसेच, अशा सोळा होतात. मग कांदा बर्फाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवावा. थंड पाणी शोषून पाकळ्या ताठ होतात आणि आपोआप बाहेर वळतात, शिवाय कांद्याचा उग्रपणाही उतरतो. त्यानंतर तो फडक्यावर पालथा घालून अर्धा तास निथळावा आणि पाकळ्यांच्या फटीही टिपून घ्याव्यात. येथे घाई करणाऱ्याने हा पदार्थ करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिठासाठी एक वाटी मैदा, पाव वाटी कॉर्नफ्लॉवर, चमचाभर काश्मिरी तिखट, मिरपूड, जिरेपूड आणि लसणाची पूड घ्यावी. मूळ कृतीतल्या ओरेगॅनोऐवजी मी चुरडलेला ओवा घालतो. दोहोंच्या वासात पुष्कळ साम्य आहे. कांदा आधी कोरड्या पिठात घोळवावा, मग दूध घालून फेटलेल्या अंड्यात आणि पुन्हा पिठात. अंडे चालत नसेल तर गार ताक घ्यावे. गारच, कारण कोमट द्रवाने मैद्याला चिकटा सुटतो आणि आवरण चिवट होते. जास्तीचे पीठ झटकून कांदा पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवला, की लेप घट्ट बसतो.

हॉटेलातल्या तळणीत भरपूर तेल असल्यामुळे कांदा पडला तरी त्याची उष्णता फारशी उतरत नाही, आपल्या पसरट कढईत मात्र ती झटकन उतरते आणि कांदा तेल पितो. म्हणून अरुंद, खोल पातेले घ्यावे, ते निम्म्याहून अधिक भरू नये, कारण ओलाव्यामुळे तेल उसळून वर येते, आणि एका वेळी एकच कांदा सोडावा. तेल १८० अंशांच्या आसपास हवे. पिठाची गोळी टाकताच वर आली की समजावे. कांदा झाऱ्यावर ठेवून, पाकळ्या खाली आणि मूळ वर अशा स्थितीत, हळूहळू उतरवावा, आच लगेच मोठी करावी, तीन-चार मिनिटांनी उलटावा आणि पुन्हा तेवढाच वेळ तळावा. बाहेर काढल्यावर पालथाच निथळावा, नाहीतर पाकळ्यांच्या खोबणीत तेल साचते. मधला गाभा कच्चट राहतो. तो सुरीने काढून त्या खळग्यात सॉसची वाटी बसवावी.

सॉस म्हणजे मेयोनीज, टोमॅटो केचप आणि तिखट. तिकडे त्यात हॉर्सरॅडिश नावाचे झणझणीत मूळ किसून घालतात. त्याच्या जागी आपली फेसलेली मोहरी घालावी, कारण नाकात जाणारा तो झोंबरेपणा दोहोंत एकाच द्रव्यामुळे येतो. मोहरी गार पाण्यातच फेसावी, कढत पाण्याने तिचा जोर मरतो.

आमच्या ठाण्याच्या जुलैतल्या दमट हवेत हे फूल पाचेक मिनिटांतच मऊ पडते, म्हणून पाहुणे पाटावर बसल्यावरच मी कांदा तेलात सोडतो. तुमच्या नाशिकला वेळ थोडा अधिक मिळेल. पुढच्या खेपेस येशील तेव्हा चाळीतले मोठे, एका गाभ्याचे पाच-सहा कांदे वेगळे काढून घेऊन ये. येथे जांभळी नाक्याच्या बाजारात तसे निवडून घेऊ देत नाहीत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक