चित्रफितीने नृत्य जपले जात नाही

टोकियोच्या राष्ट्रीय नाट्यगृहाविषयी आपल्या अंकात आलेला लेख वाचला; चित्रफिती जतन केल्या की जपानी पारंपरिक नृत्य सुरक्षित राहील, हे त्यातील मत मात्र पटले नाही. १९६६ साली सुरू झालेले हे नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाले आणि निविदा दोनदा फसल्याने काम रखडले. तेथे केवळ प्रयोग होत नसत. १९६७ पासून विद्यार्थ्यांना काबुकी हे पारंपरिक जपानी नृत्यनाट्य समजावून सांगत दाखवले जाई, तर १९७० पासून नट घराण्याबाहेरच्या तरुणांनाही रीतसर शिक्षण मिळू लागले. निहोन बुयो या पारंपरिक जपानी नृत्यात घडीचा पंखा कधी मद्याचा पेला होतो, कधी पत्र, कधी लाट. पांढरे मोजे घातलेली पावले जमिनीवरून न उचलता सरकत जातात. मनगटाचे ते वळण गुरूसमोर बसूनच अंगी मुरते आणि जाणत्या प्रेक्षकांसमोरच कसाला लागते. (आपल्याकडे कथकची तालीम घेतलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.) म्हणूनच इतर रंगमंचांवर प्रयोग सुरू असले, तरी जपान सरकारने या कामाला आणखी विलंब होऊ देऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

— एक नृत्यप्रेमी वाचक, पुणे