बाकरच्या काकांना, थँक्यू

नमस्कार काका,

तुमचं नाव मला माहीत नाही. टेकडीवर असंच होतं ना, कुत्र्याचं नाव पाठ असतं आणि माणसाचं विचारायचं राहूनच जातं, त्यामुळे आमच्या घरात तुम्ही 'बाकरचे काका'च आहात. (बाकरवडीवरून बाकर हे कळल्यावर माझा लेक पाच मिनिटं लोळून हसत होता.)

तुम्हाला आठवत असेल नसेल. मागच्या हिवाळ्यात वेताळ टेकडीवर तुम्ही बाकाशी बसलेले, बाकर पायाशी झोपलेला आणि माझा सहा वर्षांचा मुलगा "भूभूऽऽ" करत सुसाट आला आणि थेट त्याच्या गळ्यात पडला. बाकर गुरगुरला, तुम्ही एका सेकंदात पट्टा आखूड धरून दोघांच्या मधे आलात, आणि मी काय म्हणाले? "सांभाळता येत नाही तर आणता कशाला!" आता आठवलं की कानकोंडं होतं. खरं तर सांभाळायचं मला होतं. तुम्ही मला सणसणीत पुणेरी उत्तर दिलं असतं तरी चाललं असतं, पण तुम्ही खाली उकिडवे बसलात आणि त्यालाच विचारलंत, "तू झोपलायस आणि अनोळखी माणसाने येऊन मिठी मारली तर?" तो म्हणाला, "मला तर आत्याने मारलेली पण नाही आवडत." संपलं. मी दहा लेक्चरं दिली असती तरी हे शिरलं नसतं.

आपल्याकडे कुत्र्याशी बोलायचे दोनच शब्द, एक 'हाड' आणि एक 'यू यू'. मधलं काही कोणी शिकवतच नाही. आमच्या आईचं तर, दत्ताच्या फोटोतली चार कुत्री पूज्य आणि दारातलं आलं की काठी. त्यामुळे आधी विचारायचं असतं, आणि दोघांना, मालकाला आणि मग कुत्र्यालाही, हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं. कुत्र्याला कसं विचारायचं तर हात त्याच्या तोंडापुढे नाचवायचा नाही, थोडं आडवं उभं राहायचं, डोळ्यांत टक लावून बघायचं नाही, तो आपण होऊन आला तर आला. मग हनुवटीखाली किंवा छातीवर, डोक्यावरून नाही कारण वरून येणारा हात त्याला दिसत नाही नीट, आणि तीन आकडे मोजून हात काढून घ्यायचा, हवं असेल तर तो परत सरकतो. बाकर त्या दिवशी सरकला नाही, जांभई देऊन तोंड फिरवलं. तुम्ही म्हणालात झोप नाही आलेली त्याला, नको म्हणतोय. शेपूट हलवतोय म्हणजे खूश असंही नसतं म्हणे. आणि गुरगुरल्याबद्दल त्याला ओरडू नका, त्याने सांगायचं बंद केलं तर पुढच्या वेळी न सांगता चावेल, हे तर माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

नंतर आम्ही दर रविवारी यायला लागलो. मनुका घातलेला शिरा मी प्रेमाने डब्यातून आणला होता तेव्हा तुम्ही हात जोडलेत, मनुका आणि चॉकलेट कुत्र्यांना विष असतं हे तेव्हा कळलं. शिरा मग तुम्हीच खाल्लात.

पण सगळ्यात जास्त थँक्यू एका वाक्यासाठी. "चावलं किंवा नुसता दात लागला तरी लगेच आईला सांगायचं, आई ओरडणार नाही." हे बोलताना तुम्ही त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होतात. माझ्या भावाने लहानपणी मार बसेल म्हणून दोन दिवस लपवलं होतं, मग काकूने जखमेवर तिखट दाबलं आणि पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली. आता ती दंडात देतात आणि संख्याही कमी, पण साबणाने वाहत्या नळाखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर उपाय जवळजवळ उरतच नाही. आमच्या फ्रिजवर हे त्याच्या अक्षरात लिहिलंय, 'साबण' चुकीचं लिहिलंय पण ठेवलंय तसंच.

परवा सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक ताई तिचा लॅब्रॅडॉर कुत्रा घेऊन शिरली. हा कोपऱ्यात हात खिशात घालून उभा, "ताई, हात लावू का?" ती म्हणाली, आज नको रे, त्याच्या कानाला लागलंय. "बरं." एवढंच, ना रडारड ना पाय आपटणं. आइस्क्रीमला नाही म्हटल्यावर लिफ्ट डोक्यावर घेणारा हाच मुलगा. चार मजले मी गप्प, म्हटलं हे तुम्हाला सांगायला हवं.

पण गणपतीनंतर तुम्ही दिसलाच नाहीत. ढोलताशांच्या दिवसांत बाकरला आतल्या खोलीत पंखा मोठ्ठा लावून ठेवता म्हणाला होतात, तेव्हा वाटलं येतील आठवड्याभरात. तुमचा नंबर नाही, म्हणून हे इथे लिहितेय, कोणीतरी दाखवेल तुम्हाला.

आम्ही रविवारी सातला त्याच बाकाशी असतो. डबा आहे, मनुका नाहीत. आणि लेकाने विचारायला सांगितलंय की आता तीनच्या ऐवजी पाच आकडे मोजले तर बाकरला चालेल का.

बाकरच्या मित्राची आई