सॉफ्टवेअरसोबत मराठी माहितीपुस्तिकाही हवी

महोदय,

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी 'क' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय सांभाळते. गावातल्याच एका इंजिनिअर मुलानं आमच्या जुन्या संगणकावर 'कोहा' बसवून दिलं. ग्रंथालयांसाठीचं हे मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारं सॉफ्टवेअर न्यूझीलंडमध्ये तयार झालं आणि २००० सालापासून वापरात आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पुढे तो मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि सगळं माझ्यावर आलं.

रोज संध्याकाळी, लाईन असेल तशी, दाखल नोंदवहीतली पुस्तकं मी संगणकात भरत गेले. ३१२ झाली. एक दिवस आठवीतली पोर सावित्रीबाईंचं चरित्र मागायला आली. नाव टाकून शोधलं, तर काहीच नाही. दुसरं शोधलं, तेही नाही. पोटात गोळा आला. पण पुस्तकावरचा दाखल क्रमांक देवघेवीच्या पानावर टाकला की तेच पुस्तक बरोबर समोर यायचं! नोंदी शाबूत होत्या, मग शोधात का येत नव्हत्या?

अकरा दिवसांनी अमरावतीच्या एका ग्रंथपाल ताईंनी फोनवर उलगडा केला. शोधासाठी सूची तयार करणारा 'झेब्रा' नावाचा वेगळा भाग असतो, तो बंद पडला होता. सूची नव्यानं बनवायची आज्ञा एका ओळीची. दहा मिनिटांत सगळी पुस्तकं दिसू लागली.

ही माहिती इंग्रजीत आहे, आणि लिहिणाऱ्यांनी मेहनतही खूप घेतली आहे. पण 'पुस्तक शोधात दिसत नसेल तर आधी हे पाहा' असं साध्या मराठीत मला कुठेच सापडलं नाही. पुस्तिका हा सॉफ्टवेअरचाच भाग आहे, असं मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन सांगत आले आहेत. वाचकाचा वेळ वाचवा, हा भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा चौथा नियम आम्हा ग्रंथपालांना पाठ असतो. कोहा वापरणारी मीही वाचकच आहे ना?

ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी प्रकल्पासाठी कोहातलं एकेक काम घ्यावं, पडद्याच्या चित्रांसह मराठीत लिहावं आणि आमच्यासारख्या वाचनालयात येऊन, आम्हाला स्वतः करायला लावून ते तपासावं. जिथे आमचं बोट अडेल, तिथे पुन्हा लिहावं.

माझ्या वहीत आतापर्यंत ४० पानं झाली आहेत. सूचीची ती आज्ञा पहिल्याच पानावर लाल शाईनं आहे. कुणीही यावं, उतरवून न्यावं. बॅकअप परत कसा आणायचा, ते पान अजून कोरं आहे. ज्यांना येतं त्यांनी लिहून पाठवावं.

– एक ग्रंथपाल, ता. दारव्हा, जि. यवतमाळ